स्वतःवर प्रयोग करायचाय? आधी साखरेचा डबा मोजा

एक जानेवारीला किंवा पाडव्याला माणूस एकदम पाच गोष्टी ठरवतो. साखर बंद, मैदा बंद, पहाटे पाचला उठायचं, रोज तासभर चालायचं आणि रात्री डायरी लिहायची. जानेवारीची यादी संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत टिकते, पाडव्याची त्याच दुपारच्या पुरणपोळीपर्यंत. समजा एखाद्याने नेटाने दोन महिने सगळं पाळलं, वजन उतरलं, झोपही सुधारली. तरी पेच राहतोच की पाचांतल्या नेमक्या कशाने फरक पडला? ते कळत नाही म्हणून पाचही गोष्टी जन्मभर पाळाव्या लागतात, आणि ते कुणालाच झेपत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलाआधी मोजायचं, बदलल्यावर मोजायचं, मग बदल काढून घेऊन पुन्हा बघायचं. आणि आपल्या प्रयोगाचं ओझं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर द्यायचं नाही. हा शेवटचा नियम आरोग्याच्या व्हिडिओंमध्ये सहसा नसतो, पण आपल्याकडचे कितीतरी प्रयोग तिथेच मोडतात.

ही पद्धत लातूरला मेसमध्ये जेवणाऱ्या विद्यार्थ्याला, मोंढ्यात हिशेब लिहिणाऱ्याला, जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला, घर सांभाळणाऱ्या बाईला, कुणालाही चालेल. सामान थोडकं: दोनशे पानी वही, पेन, शिवणकामाची टेप आणि जमलं तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. मोबाईलमधलं ॲप मुद्दाम सांगत नाही. त्यात पिझ्झ्याचे आकडे चटकन मिळतात. सुशीला, धपाटे, येसर-आमटी शोधत बसावं लागतं, आणि मिळाले तरी ते तुमच्या घरच्या वाटीचे नसतात.

सुरू करण्याआधी

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाबाचं औषध असेल, किडनीचा त्रास असेल, बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खाण्यातला कुठलाही प्रयोग डॉक्टरांना विचारून करायचा. हे उगाच सांगायचं म्हणून सांगत नाही. साखरेच्या काही गोळ्यांवर असलेल्या माणसाने जेवण अचानक निम्मं केलं की रक्तातली साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. औषध बंद करून 'बघू काय होतं' हा प्रयोग कुणीच करायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनी वजन कमी करण्याचे प्रयोग करू नयेत. पूर्वी कधी खाणं मुद्दाम तोडण्याची किंवा खाऊन ओकण्याची सवय लागलेली असेल, त्यांनी आकडे मोजण्याच्या वाटेलाच जाऊ नये.

पहिली पायरी: प्रश्न बारीक करा

'मला फिट व्हायचंय' हा प्रश्न नाही, ती इच्छा झाली. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर पंधरा-वीस दिवसांत हो किंवा नाही असं देता येईल. चहात दोन चमच्यांऐवजी एक चमचा साखर घातली तर दिवसाचे कप वाढतात का? संध्याकाळचं फरसाण बंद केलं तर रात्रीचं जेवण वाढतं का? जेवण झाल्याबरोबर मोबाईल घेऊन आडवं होण्याऐवजी गल्लीत पंधरा मिनिटं फिरलं तर झोप लवकर लागते का? रात्री साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर सकाळी गजराआधी जाग येते का?

प्रश्न ठरला की त्याखाली तारीख घालून एक ओळ लिहा: मला काय होईल असं वाटतंय. ही ओळ फार कामाची आहे. निकाल लागल्यावर मन बेमालूमपणे सांगतं, 'मला तर हे आधीच माहीत होतं.' वहीत लिहिलेलं असलं की ती पळवाट राहत नाही. त्याच पानावर कधी थांबणार तेही लिहा: चक्कर आली तर, चिडचिड इतकी वाढली की घरच्यांनी बोलून दाखवलं तर, किंवा अमुक तारीख उलटली तर.

दुसरी पायरी: आठवडाभर काहीच बदलू नका

नवख्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. उत्साह असतो आणि आपण त्याला सांगतो की आठवडाभर आहे तसंच खा, तसंच झोप, फक्त लिही. पण आधी किती होतं हेच माहीत नसेल तर नंतर किती कमी झालं ते कशावरून ठरवणार?

नोंद कशी असते, त्याचा एक नमुना बघा:

'मंगळवार. उठलो 6.40. चहा घरी 2, ऑफिसात 2, पाहुणे आले म्हणून 1. दुपारी भाकरी 2, वरण, शेपू. सहा वाजता भजी एक प्लेट, भूक नव्हती, सगळे खात होते. रात्री भाकरी 1, भात. झोपलो 11.50, आधी रील.'

यात 'आज ताबा सुटला', 'उद्यापासून नीट वागायचं' असलं काही नाही. कधी, किती, कुणासोबत, भूक होती की नव्हती, एवढंच. 'भूक नव्हती, सगळे खात होते' या पाच शब्दांत पुढच्या प्रयोगाचं बीज असतं. खाल्ल्याबरोबर लिहिलं तर उत्तम. रात्री आठवून लिहिताना शेंगदाण्याची मूठ आणि पोराच्या ताटातलं उरलेलं हमखास गळतं.

एक सावधगिरी. लिहायला लागलं की माणूस आपोआप जरा जपून खातो, कुणी बघत असल्यासारखं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस खऱ्यापेक्षा बरे दिसतात. आठवड्याचा मागचा भाग जास्त खरा धरा.

तिसरी पायरी: काय मोजायचं आणि कसं

वजन रोज घ्यायचं असेल तर सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद नको, सुतकही नको. लग्नातलं लोणचं-पापड खाल्लं की मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. उलट, भात-भाकरी एकदम कमी केली की शरीर साठवलेली साखर वापरतं, तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं, आणि चारच दिवसांत दीड-दोन किलो उतरल्याची जाहिरात करता येते. ती चरबी नसते.

कमरेचा घेर जास्त इमानदार. बरगडीचा खालचा काठ आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि बायकांनी 80 सेंटिमीटर ही हद्द धरतात. पँटचा नंबर हे माप नव्हे. पँट पोटाखाली सरकते.

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या उंचीवर, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. बोलायचं नाही. वरचा आकडा सारखा 140 किंवा खालचा 90 च्या पुढे येत असेल तर वही मिटा आणि दवाखान्यात जा. ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचण्याआधी हात धुवून कोरडे करा. केशर आंबा कापलेल्या हाताने घेतलेला थेंब भलताच आकडा दाखवतो.

एचबीए1सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच सुमारे 120 दिवसांचं असतं. त्यामुळे तीन आठवड्यांच्या प्रयोगाआधी-नंतर ती करून पैसे घालवू नका.

चौथी पायरी: किराण्याच्या यादीवरून हिशेब

खाण्याचे प्रयोग ताटापासून सुरू करावेत असं वाटतं, पण मला किराण्याची यादी जास्त सोयीची वाटते. ताटात किती तेल आलं ते कुणाला सांगता येत नाही. महिन्याला किती पुडे फुटले ते घरातल्या बाईला तोंडपाठ असतं.

जागतिक आरोग्य संघटना मिठाची मर्यादा माणशी रोज 5 ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे एक छोटा चमचा. वरून घातलेल्या साखरेसाठी ती दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांची मर्यादा घालते आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत राहा म्हणते. साधारण मोठ्या माणसाला ते सुमारे 25 ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाच्या नमुना ताटात तेल-तूप 27 ग्रॅमच्या आसपास धरलंय. आता हे चार मोठ्या माणसांच्या घराला आणि तीस दिवसांना लावा. मीठ 600 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. साखर 3 किलो. तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटर. तुमच्या घरी महिन्याला तेलाचे किती पुडे येतात ते बघा. बिस्किटं, फरसाण, लोणचं, हॉटेलातली भजी यांतलं मीठ, साखर, तेल या पुड्यांच्या मोजणीत येतच नाही, हेही लक्षात असू द्या.

साखरेपासून सुरुवात करणं सोपं, कारण तिचा मोठा वाटा चहात जातो आणि चहा मोजता येतो. चमचाभर साखर 4 ते 5 ग्रॅम. दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 32 ते 40 ग्रॅम; 25 ची हद्द तिथेच ओलांडली, शिरा-लाडू दूरच. सोमवारी सकाळी साखरेचा डबा काट्यावर ठेवा, आकडा चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावा, पुढच्या सोमवारी पुन्हा मोजा. घरातल्या माणसांनी भागा, मग सातांनी भागा. पहिल्यांदा हा भागाकार करणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग प्रयोग: दोनाचा एक चमचा. एकदम बिनसाखरेचा नको, कारण आपल्याकडे पाहुण्यांकडे गेल्यावर 'मला बिनसाखरेचा' म्हटलं की 'शुगर निघाली का?' हा प्रश्न ठरलेला, आणि मग त्याच विषयावर अर्धा तास. त्यापेक्षा 'कमी साखरेचा, निम्मा कप' एवढंच म्हणा. काही आठवड्यांत जीभ सरावते. गुळाच्या चहाने साखर सुटली असं मात्र समजू नका. गूळही बहुतांशी साखरच आहे.

भाकरीवरही थोडं थांबायला हवं, कारण मराठवाड्यात आरोग्याची गोष्ट भाकरीपाशी येतेच. 'ज्वारीने साखर वाढत नाही' हे पसरलेलं वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं, 10 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू आहेत. गव्हाच्या कणकेचे आकडेही याच आसपास आहेत. भाकरी चांगलीच, तिला तेल लागत नाही, सावकाश चावावी लागते, ग्लूटेन नसतं. पण पाच भाकऱ्या या पाच भाकऱ्याच. तुमच्या घरची भाकरी किती पिठाची ते काढा: थापायला बसण्याआधी पिठाचा डबा मोजा, झाल्यावर पुन्हा मोजा, फरकाला भाकऱ्यांनी भागा. 70 ग्रॅम आलं तर एका भाकरीत 47-48 ग्रॅम कर्बोदकं. काही घरांत भाकरी शंभर ग्रॅमच्या पुढे जाते, आणि 'मी दोनच खातो' म्हणणाऱ्याच्या दोनाचा अर्थ बदलतो.

ज्वारीचा विषय निघाला म्हणून सांगतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं. मिळालं तर जरूर घ्या. उलट 2023 हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून 'ज्वारीची' म्हणून विकली जाणारी बिस्किटं घेताना पाकिटामागची यादी वाचा. पहिल्या तीन नावांत मैदा आणि साखर दिसली तर ती बिस्किटंच आहेत, भाकरी नव्हेत.

प्रथिनांचा हिशेबही कागदावर करून बघा. भारतीय शिफारस किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. तीन भाकऱ्यांतून 21. वाटीमागे कच्ची डाळ 25-30 ग्रॅम पडेल एवढं घट्ट वरण दोन वाट्या, 12. मूठभर शेंगदाणे, 7. पेलाभर दूध किंवा त्याचं दही, 6. बेरीज 46. म्हणजे पावडरचा डबा न आणता आपण जवळ पोचलो. पण वरण पातळ झालं, दही गेलं आणि ठेचा-भाकरीवर जेवण उरकलं की गाडी पंचविशीतच अडते. 'जेवणात रोज एक घट्ट डाळ किंवा उसळ' हा पंधरा दिवसांचा प्रयोग म्हणूनच चांगला. मोजायचं ते दुपारी चारची भूक. मटकी, हरभरा, हुलग्याचं माडगं, शेंगोळे, उडदाचं घुटं, सगळं चालेल.

पालेभाज्यांबद्दल एकच. आंबाडी, तांदुळजा, चाकवत, घोळ, करडईची कोवळी पानं आठवडी बाजारात स्वस्त मिळतात आणि निवडायला वेळ खातात. निवडण्याचं काम कोण करणार, हे प्रयोग लिहितानाच लिहा. यावरून पुढची पायरी.

पाचवी पायरी: चुलीपाशी कोण आहे ते बघा

प्रयोग तुमचा आणि राबणं आईचं, बायकोचं किंवा मेसवाल्या काकूंचं, असं असेल तर तो प्रयोग टिकत नाही. टिकूही नये. 'माझी भाजी वेगळी, कमी तेलाची' म्हणजे एक कढई जास्त. 'मी रात्री सातलाच जेवणार' म्हणजे दोनदा तवा तापवणं. घरातली पुरुष मंडळी बऱ्याचदा हे लक्षातच घेत नाहीत आणि बाईने कंटाळून पूर्ववत केलं की 'घरच्यांची साथ नाही' म्हणतात.

तीन मार्ग आहेत. एक, असा बदल निवडा ज्यात स्वयंपाक बदलत नाही: तीच भाजी, एक भाकरी कमी, तोच चहा, साखर कपात आपली आपण. दोन, जास्तीचं काम तुम्ही करा: पालेभाजी निवडणं, मटकी भिजवून फडक्यात बांधणं, सकाळी शेंगदाणे भाजणं, काकडी-कांदा चिरणं. तीन, सगळ्या घराने मिळून करा, पण मग स्वयंपाक करणारीला विचारून, तिने मापं ठरवून. तेलाचा प्रयोग याच तिसऱ्या मार्गाने होतो. पळीऐवजी चमच्याने फोडणी घालायची की नाही, हे तिच्या हातात.

आईशी बोलताना उपदेशाच्या सुरात बोलू नका. 'तू तेल लई घालतीस' म्हटलं की प्रकरण तिथंच संपलं. 'आई, या महिन्यात तेल किती लागतंय ते आपण दोघं बघू का?' असं विचारलं तर ती तुमच्याआधी हिशेब सांगेल.

मेसमध्ये राहणाऱ्यांना स्वयंपाकावर हात नाही. त्यांनी मेसबाहेरचं खाणं हाच प्रयोग धरावा: अभ्यासाच्या रात्री बाराला येणारे नूडल्स, टपरीवरचे वडे, थंड पेय. काकूंना एक वाटी वरण जास्त मागितलं तर बहुतेक काकू देतात, भाजीतलं तेल मात्र विचारून बदलत नाही.

सहावी पायरी: तारखा पंचांग बघून

मराठवाड्यात कुठला पंधरवडा मोकळा सापडतोय ते आधी शोधा. वेळ अमावास्येच्या आठवड्यात लातूर-धाराशिवकडच्या माणसाने खाण्याचा प्रयोग लावू नये. त्या दिवशी शेतात भज्जी, उंडे आणि आंबील असताना वजनकाटा कसला काढता? गंमत अशी की शेंगा, दाणे, डाळी आणि पालेभाज्यांनी भरलेली ती भज्जी वर्षातल्या सगळ्यात सकस ताटांपैकी एक असते. नवरात्रात घरोघर उपास, श्रावणात साबुदाणा, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. लग्नाच्या पंगतीत 'बस, पुरे' म्हणणाऱ्याच्या ताटात वाढपी दुप्पट वाढतो. अशा काळात मोजलेले आकडे प्रयोगाचे नसतात, पंगतीचे असतात.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे; शेंगदाण्याचा कूट आणि तूप पडलं की खिचडी नेहमीच्या जेवणाहून जड होते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली. उपास मोडायचा नसेल तर भगर, दही, शेंगदाण्याची आमटी, फळ असा उपास करून बघा आणि दुसऱ्या दिवशीची भूक लिहा. भगरीचं तयार पीठ आणू नका. दमट हवेत त्याला लवकर बुरशी धरते. दाणे आणा, निवडा, लागेल तेवढंच घरी दळा.

चालण्याचा प्रयोग उन्हाळ्यात असेल तर सकाळी सातच्या आत आटपा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. त्या उन्हात वजन कमी करायला निघालेला माणूस सलाइन लावून परत येतो. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम गतीने चालावं, अशी शिफारस आहे. रोज तासभराचा हट्ट नको. जेवणानंतरची पंधरा मिनिटं दिवसातून दोनदा धरली तरी हिशेब पार होतो. जेवणानंतर चालल्याने साखर कमी चढते हे अभ्यासांत दिसलेलं आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका रात्री ठरलेल्या मापाचं जेवण घेऊन बसून राहा, दुसऱ्या रात्री तेच जेवण घेऊन फिरून या, दोन्ही वेळा जेवायला बसल्यापासून दोन तासांनी मोजा. असं तीन-चार जोड्यांनी करा, एका जोडीवर विश्वास ठेवू नका. पट्ट्या महाग असतात, म्हणून एवढ्यावर थांबा.

सातवी पायरी: संध्याकाळची दहा मिनिटं

आकडे दिवसा, विचार संध्याकाळी. झोपेच्या तोंडावर नको, तेव्हा दिवसभराचं सगळं काळंच दिसतं. दिवेलागणीनंतर, जेवणाआधी बसा. गावात हरिपाठ होत असेल तर तो संपल्यावर देवळाच्या ओट्यावर दहा मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

तीन प्रश्न पुरतात. आज ठरवलेलं झालं का? झालं नसेल तर त्याच्या लगेच आधी काय घडलं होतं? उद्या त्या वेळी मी कुठे असेन? दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'इच्छाशक्ती कमी पडली' हे उत्तर चालणार नाही, त्यातून उद्यासाठी काहीच हाती लागत नाही. 'साहेब ओरडले, मग टपरीवर गेलो' हे उत्तर चालतं. 'दुपारी डबा अर्धा राहिला, म्हणून सहाला भुकेने जीव जात होता' हेही चालतं, आणि यावरून कळतं की दोष संध्याकाळच्या भज्यात नसून दुपारच्या डब्यात आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जागेचं हवं: घरी, गाडीवर, दुकानात. उद्या सहाला बसस्टँडवर असणार हे माहीत असेल तर पिशवीत फुटाणे टाकता येतात.

बसायला दहा मिनिटंही न मिळणाऱ्या बायका मला नेहमी विचारतात की हे कसं जमायचं. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अभंग रचत होती; हात कामात असताना मन मोकळं असतं, हे तिच्या अभंगांत जागोजाग दिसतं. भांडी घासताना हे तीन प्रश्न मनात फिरवा आणि हात पुसल्यावर फोनवर स्वतःच्या आवाजात मिनिटभर बोलून ठेवा. वही हे साधन आहे, तिची सक्ती नाही. फक्त वही किंवा फोन घरात कुणी परवानगीशिवाय उघडणार नाही, हे आधी ठरलेलं असावं. वाचलं जाईल या भीतीने लिहिलेली नोंद उपयोगाची नसते.

चिंतन करता करता मन सारखं स्वतःलाच बोल लावायला लागलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर हा प्रयोग थांबवायचा आणि माणसाशी बोलायचं. सरकारच्या टेलीमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आठवी पायरी: काढून बघा

पंधरा-वीस दिवस झाले, फरक दिसतोय. बहुतेक लोक इथे थांबतात आणि गावभर सांगत सुटतात. इथे बदल काढून घ्यायचा. आठवडाभर पूर्वीसारखं वागा, मोजत राहा. मग पुन्हा बदल आणा. फरक बदलासोबत गेला आणि बदलासोबत परत आला, तर तो बदलाचाच असण्याची शक्यता बरीच वाढते. गेलाच नाही, तर तो हवेचा, सुट्टीचा किंवा कामाच्या ताणाचा असू शकतो.

याचं एक मोठं कारण आहे. माणूस प्रयोग सुरू करतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, पोट बिघडलं, वजन सगळ्यात वर गेलं की. वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काहीही न करता थोडा बरा असतोच. त्या बरेपणाचं श्रेय तेव्हा नुकत्याच सुरू केलेल्या जिरे-पाण्याला मिळतं आणि मग ते जिरे-पाणी कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतं.

काही प्रश्नांची उत्तरं मात्र घरच्या वहीत मिळत नाहीत. जेवणासोबत चहा घेतल्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा जेवणाच्या तासभर पुढे-मागे घेणं आणि पालेभाजीवर लिंबू पिळणं चांगलंच. पण हिमोग्लोबिन बाईचं 12 किंवा पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर लिंबावर विसंबू नका. डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्या.

नववी पायरी: निकालाचं काय करायचं

प्रत्येक प्रयोगाचा शेवट तीनांपैकी एका शेऱ्याने करा: ठेवायचं, सोडायचं, किंवा बदलून पुन्हा. 'सोडायचं' हा शेरा लिहायला माणसं कचरतात, पण वहीत तोच सगळ्यात जास्त वेळा यायला हवा. पहाटे पाचला उठून तुमचं काम वाढत नाही आणि दुपारी डुलक्या येतात, असं तीन आठवड्यांत दिसलं तर साडेसहाला उठा, कुणाची परवानगी लागत नाही.

'ठेवायचं' लिहिलेल्या गोष्टीला 21 दिवसांत सवय लागेल अशी आशा धरू नका. हा आकडा व्हॉट्सॲपवर फार चालतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 जणांवर पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला 18 पासून 254 दिवसांपर्यंत लागतील असं दिसलं, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे लग्नातल्या दोन जिलब्यांनंतर वही फाडायची गरज नाही. दुसऱ्या दिवशीचं पान उघडा.

पुढचा प्रयोग घेण्याआधी मध्ये एक रिकामा आठवडा सोडा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा जुन्या रिपोर्टांच्या फाईलमध्ये ही वहीही ठेवा. 'गेले दोन महिने चहात एकच चमचा साखर, रात्री जेवून पंधरा मिनिटं चालणं, सकाळच्या रक्तदाबाची सरासरी ही' एवढं एका पानावर लिहून नेलं तर डॉक्टर गोळीचा डोस ठरवताना ते पान बघतात. नुसतं 'मी आता पथ्य पाळतो' म्हटलं तर बघायला काही नसतं.